ताटाची डावी बाजू

मराठी माणूस पिष्टाला पिष्टच तोंडी लावतो. बटाट्याचा वडा तो पावात घालून खातो, पोह्यांत बटाट्याच्या फोडी टाकतो, मिसळीतल्या मटकीवर फरसाण पसरून शेजारी पुन्हा दोन पाव घेतो, तीन पोळ्या झाल्यावर ‘आता थोडा भात वाढा’ म्हणतो आणि एकादशीच्या खिचडीतही साबुदाण्याच्या सोबतीला बटाटा बसवतो. हे मी कुचेष्टेने लिहीत नाही. लालबागच्या चाळीत वाढलेली, माहेर साताऱ्याकडचे आणि सासर मालवणकडचे असल्यामुळे भाकरी आणि भात या दोन्ही पक्षांचे मीठ मी खाल्ले आहे. पण गेली काही वर्षे, घरात मधुमेहाने पाय ठेवल्यापासून, या ताटाकडे मी जरा निरखून पाहू लागले आहे, आणि माझ्या लक्षात येत गेलेली गोष्ट अशी, की आपण भांडतो ते ताटाच्या मध्यभागी काय असावे यावरून, आणि खरे दुर्लक्ष होते ते त्याच्या कडेला काय आहे याकडे.

हे ताट असे का झाले याचे उत्तर मुंबईतच मिळते. माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. पाळीचे आठ तास उभ्याने, साच्यांच्या मधून येरझाऱ्या घालत, दमट उष्म्यात काम करणाऱ्या माणसाला ऊर्जा भरपूर लागते आणि ती स्वस्तातच परवडते. रुपयामागे सर्वांत जास्त ऊर्जा देणाऱ्या वस्तू म्हणजे धान्य, साखर आणि तेल. तेवढीच ऊर्जा भाजी, डाळ, दूध किंवा मासळीतून मिळवायची म्हटले तर पगार पंधरवड्यात संपेल. त्यामुळे गिरणगावच्या खाणावळींतून आणि चाळींतल्या स्वयंपाकघरांतून भाकरी किंवा भात हेच जेवण होते आणि बाकी सारे ते घशाखाली उतरावे म्हणून होते. ताटाच्या डाव्या बाजूला ठेचा, कांद्याची फोड, कधी सुक्या जवळ्याची चटणी. उजवीकडे पातळ कालवण. दादर स्थानकाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांच्या गाडीवर वडापाव सुरू झाला असे सांगितले जाते. तोही याच हिशेबात चपखल बसतो, कारण तीनशेच्या आसपास कॅलरी त्यात एका हातात मावतात आणि गाडी पकडता पकडता खाता येतात. त्या शरीरांसाठी हे अन्न योग्यच होते. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचे काम थांबले, आणि कालांतराने परळ-लोअर परळच्या त्याच जमिनींवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. आता तिथे दिवसभर खुर्चीत बसणारी माणसे चार वाजता खाली उतरून तोच वडापाव खातात आणि पुन्हा लिफ्टने वर जातात. श्रम गेले, ताट मात्र जसेच्या तसे राहिले.

यावर हल्ली सुचवला जाणारा पहिला उपाय म्हणजे कॅलरी मोजणे. मोजण्याला माझा विरोध नाही, पण मोजतो ते काय, हे ठाऊक असावे. एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढवायला जेवढी उष्णता लागते तेवढी आहारातली एक कॅलरी. कर्बोदकांच्या (म्हणजे पिष्ट आणि साखर यांच्या) आणि प्रथिनांच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी आणि स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅमला ९, हे आकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात विल्बर अॅटवॉटर यांनी केलेल्या कामातून आले. माणसाला बंदिस्त खोलीत ठेवून त्याच्या शरीरातून बाहेर पडणारी उष्णता मोजण्याचे प्रयोगही त्यांनी केले होते. एवढ्या मेहनतीतून आलेले आकडे असले तरी ते सरासरीचे आकडे आहेत. पदार्थ किती दळलेला आहे, किती शिजलेला आहे, त्यातला किती भाग न पचताच बाहेर जातो, याची नोंद त्यांत पुरेशी होत नाही. अख्ख्या बदामांतून शरीराला मिळणारी ऊर्जा या हिशेबापेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने कमी असते, असे अमेरिकेच्या कृषी खात्यातील संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिले, कारण बदामाच्या पेशींत अडकलेले तेल पूर्णपणे सुटत नाही.

आपल्या स्वयंपाकघरात तर हिशेबाची आणखी पंचाईत होते. फोनमधले अॅप विचारते, ‘मध्यम आकाराच्या किती पोळ्या?’ आमच्याकडे मी लाटलेली पोळी आणि नणंदेने लाटलेली पोळी यांत पिठाचा दीडपट फरक असतो, आणि घडीला लावलेले तेल कोणी मोजत नाही ते वेगळेच. ‘एक वाटी आमटी’ म्हणजे कोणत्या घरातली वाटी? तेलाच्या एका मोठ्या चमच्यात १२० च्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे भाजीला फोडणी देताना पळी जरा सढळ झाली की एका पोळीइतकी ऊर्जा चुपचाप कढईत उतरते आणि ती कोणाच्याही नोंदीत येत नाही. म्हणून मी कॅलरीचा उपयोग मोठे फरक ओळखण्यापुरता करते. मिसळीवरची तर्री आणि तिच्याखालची मटकी यांतला फरक तिने कळतो. पण दुपारच्या जेवणात ४१० कॅलरी झाल्या की ४४०, यावरून स्वतःला बोल लावणे हे त्या आकड्यावर त्याला पेलणार नाही एवढा विश्वास टाकणे आहे.

दुसरा उपाय धान्य बदलण्याचा. त्यावर आमच्या घरात भांडणे झालेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझ्या माहेरच्या मंडळींचे ठाम मत असे, की भात हाच सगळ्या रोगाचे मूळ असून ज्वारीची भाकरी खाल्ली की साखर वाढतच नाही. सासूबाईंचे त्याहून ठाम मत, ‘भात नाय तर ता जेवण कसला गो?’ राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेली भारतीय खाद्यपदार्थांच्या घटकांची कोष्टके उघडली तर दोन्ही पक्षांना थोडे नमावे लागते. १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात सुमारे ३५६ कॅलरी आणि ७८ ग्रॅम कर्बोदके. तेवढ्याच ज्वारीत ३३४ कॅलरी आणि ६८ ग्रॅम कर्बोदके. गव्हाच्या आट्यात ३२० आणि ६४. म्हणजे ऊर्जेच्या दृष्टीने तिन्ही भावंडेच आहेत. फरक आहे तो चोथ्यात: तांदळात तो तीन ग्रॅमही नाही, तर ज्वारी, बाजरी, नाचणी आणि कोंड्यासकट दळलेला गहू या सर्वांत तो दहा ते बारा ग्रॅम आहे. नाचणीत त्याशिवाय ३६० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आहे, जे इतर धान्यांत फारसे नसते. हे फायदे खरे आहेत आणि भाकरीला तेल लागत नाही हाही फायदाच आहे. पण चार भाकऱ्या खाणाऱ्याच्या रक्तात चार भाकऱ्यांचे ग्लुकोज उतरतेच.

ज्वारीची एक गंमतही आहे. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी रेशनवर मिळत असे, आणि तिच्या भाकरीच्या आठवणी सांगताना आमच्या पिढीच्या आईवडिलांचे तोंड आजही वाकडे होते. त्यानंतरच्या वर्षांत घरात गहू येणे ही बरे दिवस आल्याची खूण ठरली, रेशनच्या दुकानानेही गहू-तांदूळच पुढे केला, आणि भाकरी मागे पडली. आता तीच ज्वारी, बाजरी आणि नाचणी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष साजरे झाल्यानंतर मॉलच्या फळीवर चकचकीत पाकिटातून, मूळ धान्याच्या कितीतरी पट भावाने, बिस्किटे आणि कुरकुरीत पट्ट्यांच्या रूपात परतली आहेत. त्या बिस्किटात नाचणीचे पीठ किती, मैदा किती आणि साखर किती हे पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेले असते आणि घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिल्या क्रमांकावर मैदा असेल तर पुढच्या बाजूचे नाचणीचे कणीस हे केवळ चित्र समजावे.

भाताच्या बाजूनेही बोलले पाहिजे. कोकणातला उकडा तांदूळ सालीसकट उकडून मग सडतात, त्यामुळे कोंड्यातले ब-१ जीवनसत्त्व दाण्याच्या आत उतरते आणि कांडल्यावरही बरेचसे टिकते. आज हैदराबादला असलेली ती पोषण संस्था मुळात १९१८ साली कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी बेरीबेरीच्या अभ्यासासाठी सुरू केली होती, आणि बेरीबेरी हा रोग नेमका ब-१ च्या अभावाने होतो, हे लक्षात घेतले की पेजेचा तांदूळ उकडा असण्यामागची शहाणीव कळते. भात शिजवून गार झाला की त्यातल्या पिष्टाचा काही भाग पचायला अवघड अशा रूपात जातो. त्यामुळे कालच्या भाताचा फोडणीचा भात हा ताज्या वाफाळत्या भातापेक्षा साखर थोडी सावकाश वाढवतो. फरक माफकच आहे, आणि मुंबईच्या हवेत भात रात्रभर ओट्यावर न ठेवता लवकर फ्रिजमध्ये ठेवला तरच हा प्रयोग करावा, नाहीतर साखरेऐवजी पोटाची चिंता करावी लागेल.

माझ्या मते या सगळ्या भांडणाचा निकाल २०२५ साली लागला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह अभ्यासातून त्या वर्षी आहाराविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भारतीय माणसाच्या रोजच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते असे त्यात दिसले. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे होती: एकूण कर्बोदके तेवढीच ठेवून पांढऱ्या तांदळाच्या जागी नुसता अख्खा गहू किंवा भरड धान्य आणल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही, परंतु ऊर्जेपैकी अवघा पाच टक्के भाग कर्बोदकांकडून काढून डाळी-कडधान्ये, दूधदुभते, अंडी किंवा मासळी यांच्या प्रथिनांकडे वळवला, तर धोका कमी असल्याचे आढळले. माहेर आणि सासर दोघांनाही मी हे वाचून दाखवले. माहेर गप्प बसले. सासूबाईंना मासळीचा उल्लेख तेवढा पटला.

पाच टक्के म्हणजे दोन हजार कॅलरींच्या आहारात शंभर कॅलरी. घरच्या भाषेत सुरुवात करायची तर एक पोळी कमी आणि उसळीची वाटी भरलेली. एवढ्यासाठी कोणाला जेवणावरून उठावे लागत नाही.

पण जाडजूड नसलेल्या माणसाने हे का करावे, असा प्रश्न आमच्या कार्यालयात नेहमी निघतो, कारण आमच्याकडे मधुमेह असलेल्यांपैकी निम्मे तरी सडपातळ आहेत. याचे उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी कित्येक वर्षांच्या कामातून दिले आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र छापून आले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरातली चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरातली २१.२ टक्के. निर्देशांक दोघांचा एकच आकडा दाखवत होता आणि शरीरे आतून वेगळी होती. आपल्याकडे स्नायू कमी आणि पोटाभोवतीची चरबी जास्त अशी घडण अनेकांची असते, आणि तिची सुरुवात आईच्या पोटातच होते असे पुण्याजवळच्या गावांमध्ये १९९३ पासून चाललेल्या अभ्यासातून दिसत आले आहे. जेवणानंतर रक्तात आलेले ग्लुकोज साठवण्याचे मोठे गोदाम म्हणजे स्नायू. गोदाम लहान आणि माल रोज तेवढाच येत असेल तर तो रस्त्यावर, म्हणजे रक्तात, पडून राहणार. म्हणूनच भारतीयांसाठी हा निर्देशांक २३ च्या पुढे गेला की वजन जास्त धरतात आणि पुरुषांनी कंबरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावा असे सांगतात. घरातली शिंप्याची टेप याबाबतीत वजनकाट्यापेक्षा जास्त प्रामाणिक आहे. २०२३ साली त्याच देशव्यापी अभ्यासाने भारतातल्या मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची १३ कोटी ६० लाख सांगितली, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पोट सुटलेली माणसे आली नाहीत. लोकलच्या दारात लटकणारी, हडकुळी, चहात तीन चमचे साखर घेणारी माणसे आली.

आता ताटाच्या कडेकडे येते. मुंबईतल्या वस्त्यांमध्ये ‘सरस’ नावाचा एक प्रकल्प झाला होता. त्यात स्त्रियांना गरोदर राहण्याच्या आधीपासून बाळंतपणापर्यंत रोज एक छोटासा खाण्याचा पदार्थ देण्यात आला. एका गटाच्या पदार्थात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध होते, दुसऱ्या गटाच्या पदार्थात बटाटा-कांद्यासारख्या, सूक्ष्म पोषक घटक कमी असलेल्या भाज्या होत्या. मूळ हेतू बाळांचे वजन सुधारते का हे पाहण्याचा होता. पण पुढे तपासले तेव्हा गरोदरपणातल्या मधुमेहाचे प्रमाण बटाटा-कांद्याच्या गटात १२.४ टक्के आणि पालेभाजी-फळ-दुधाच्या गटात ७.३ टक्के निघाले. या स्त्रिया कोणत्या परदेशी नमुन्याच्या नव्हत्या, याच शहरातल्या होत्या, आणि त्यांच्या भात-पोळीला कोणी हात लावला नव्हता. बाजूला रोज एक गोष्ट वाढली गेली, एवढेच. वांद्र्याच्या बाजारात पालकाची जुडी हातात घेतली की मला हा आकडा आठवतो.

आपल्या पारंपरिक ताटाची डावी बाजू पाहिली की हे सगळे तिथे नमुन्यादाखल मांडलेले असते: लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. पण कोशिंबीर चमचाभर वाढायची आणि भात मूद पाडून, हा आपला रिवाज. आदर्श ताट कसे असावे हे पोषण संस्थेने २०२४ साली मांडले, त्यात दोन हजार कॅलरींच्या दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ८५ ग्रॅम डाळी किंवा त्याऐवजी अंडी-मासळी, २५० ग्रॅम धान्य, ३०० मिलिलिटर दूध किंवा दही, ३५ ग्रॅम सुकामेवा-बिया आणि २७ ग्रॅम तेल-तूप असा हिशेब आहे. धान्यांतून येणारी ऊर्जा ४५ टक्क्यांच्या वर जाऊ नये असे म्हटले आहे. २५० ग्रॅम धान्य हे काही उपासमारीचे प्रमाण नाही, सात-आठ पोळ्यांइतके होते. डोळ्यांत भरतो तो भाज्यांचा आकडा. चार माणसांच्या कुटुंबाला रोज दीड किलोवर भाजी आणायची, निवडायची, चिरायची, म्हणजे त्या घरातल्या कोणाचा तरी रोजचा तास. तो कोणाचा, हे सांगायला नको. आहारावर लिहिणारे पुष्कळ लोक पालेभाजी खा म्हणतात. माठ निवडायला किती वेळ लागतो हे त्यांतल्या किती जणांना माहीत असते याची मला शंका आहे.

याच कारणाने मला कडधान्ये अधिक भरवशाची वाटतात. वाळलेल्या मुगात शंभर ग्रॅमला तेवीसच्या आसपास ग्रॅम प्रथिने असतात, ते महिनाभर डब्यात टिकतात आणि त्यांना सोलावे लागत नाही. फक्त आदल्या दिवशी भिजवण्याची आठवण व्हावी लागते. सरकारी योजनांमध्येही हा विचार एकदा नकळत होऊन गेला आहे. १९९५ साली युतीच्या सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे उघडली, त्यांची पुढे जी दशा झाली ती झाली, पण पदार्थाची निवड अचूक होती: प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी भाकरीत जे लायसिन कमी असते ते बेसनात असते आणि बेसनात जे मेथिओनिन कमी असते ते भाकरी पुरवते. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या दहा रुपयांच्या शिवभोजन थाळीत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात होता. भुकेल्याला ती थाळी मोलाचीच होती. तरी चपातीही आणि भातही, आणि त्यांच्यामध्ये वरणाची एकुलती एक वाटी, या रचनेत पोट भरण्याची आपली कल्पनाच सरकारी शिक्क्यासह छापलेली दिसते.

उपवासाबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ असे म्हणून पूर्वजांनीच निकाल देऊन ठेवला आहे. साबुदाणा हे जवळजवळ शुद्ध पिष्ट आहे. त्यात प्रथिने नावालाही नाहीत. खिचडीची अब्रू राखतो तो दाण्याचा कूट. राजगिरा आणि वरई त्या मानाने पुष्कळ बऱ्या, आणि ज्याला खरेच देवासाठी उपास करायचा आहे त्याला ताक-फळांवर राहायला कोणी मनाई केलेली नाही.

गुळाच्या चहाबद्दल मात्र बोललेच पाहिजे. मुंबईत हल्ली दर दुसऱ्या नाक्यावर गुळाच्या चहाची पाटी दिसते आणि ‘साखर सोडली’ असे सांगत लोक दिवसातून चार कप घेतात. गुळातही शेकडा ऐंशी-नव्वद भाग साखरच असते. लोह आणि इतर क्षार थोडे असतात, पण त्यांच्यासाठी गूळ खायचा तर त्याआधी साखरच पुरेशी पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेसाठी एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली आणि पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास राहिल्यास अधिक चांगले असे सुचवले. दोन चमच्यांचे तीन चहा झाले की ते २५ ग्रॅम संपले. शीतपेयाच्या एका कॅनमध्ये ३५ ग्रॅमच्या आसपास साखर असते. मला चहा अगदी बिनसाखरेचा पीता येत नाही. कटिंग, अर्धा चमचा, दिवसातून दोनदा, हा माझा तह आहे.

घरात प्रत्यक्ष काय बदलले ते आता सांगते. सासूबाईंना साखरेच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळे त्यांचा भात आम्ही एकदम कमी केला नाही. गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने ताटातली कर्बोदके अचानक उतरवली तर रक्तातली साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते, म्हणून आधी डॉक्टरांना विचारून, गोळीचे प्रमाण पाहून, हळूहळू मूद लहान केली. भात गेला नाही. त्याच्या शेजारचा बांगडा किंवा चवळीची उसळ मोठी झाली. वाढण्याचा क्रमही बदलला. आधी काकडी, मुळा किंवा कोबीची कोशिंबीर दाण्याचा कूट घालून, मग उसळ किंवा मासळी, आणि शेवटी भात. तेच पदार्थ, तेवढ्याच प्रमाणात, भाजी आणि प्रथिने आधी व पिष्ट शेवटी अशा क्रमाने खाल्ले तर जेवणानंतरची साखर कमी चढते हे प्रयोगांतून दिसले आहे, आणि या बदलाला पैसाही पडत नाही. सुरुवातीला सासूबाईंना कोरडी कोशिंबीर खाणे म्हणजे पूजेआधी प्रसाद खाल्ल्यासारखे वाटले. बोटाला टोचून साखर मोजायच्या यंत्रावर जेवणानंतर दोन तासांनी त्यांनी स्वतः आकडा पाहिला, दोन-तीन वेळा ताडून पाहिला, तेव्हा कुठे त्या मानल्या. शतपावली तर त्यांच्या घरात आधीपासून होतीच. जेवल्यावर चालणारे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ग्लुकोज ओढून घेतात, हे त्यांना मी सांगितले तेव्हा, आपल्या सासऱ्यांना हे कोणी न सांगताच ठाऊक होते, असे उत्तर मिळाले.

माझ्या डब्यात पूर्वी चार पोळ्या आणि भाजीची छोटी डबी असे. आता दोन पोळ्या आणि दोन डब्या असतात. खरी परीक्षा संध्याकाळी सहा वाजता स्थानकावर होते, कारण घर अजून दीड तास लांब असते आणि वड्याचा वास पुलावरपर्यंत येतो. त्या वेळेसाठी पर्समध्ये भाजलेले चणे ठेवणे हा एकच उपाय मला लागू पडला. शेंगदाणेही चालतात, पण त्यांत शंभर ग्रॅमला पाचशेहून अधिक कॅलरी असल्यामुळे पुडी मोठी करून चालत नाही. कधी महिन्यातून वडापाव खाते, आणि खाते तेव्हा सुकी चटणी जास्त मागून, मुकाट्याने, कॅलरीचा विचार न करता खाते.

मे महिन्यात आंबा येतो. हापूसच्या गरात शंभर ग्रॅमला पंधराच्या आसपास ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे आंबा हा काही राक्षस नाही. राक्षस आहे तो आमरसाच्या वाटीत वरून घातलेली साखर आणि तिच्यासोबतच्या सहा पुऱ्या. आमच्याकडे आता आंबा चिरून खातात, ज्या दिवशी रस असेल त्या दिवशी भात नसतो, आणि पुरीचा विषय सणापुरता उरला आहे.

महिन्याच्या वाणसामानाच्या यादीत तांदूळ पूर्वीपेक्षा निम्मा झाला. मूग, मटकी, चवळी आणि हरभरे वाढले. बिस्किटांचे पुडे गेले आणि त्या पैशांत अंडी आली. बिलाची बेरीज जवळजवळ तेवढीच राहते, कारण कडधान्यांनी वाढवलेला खर्च बिस्किटांनी आणि फरसाणाने मोकळा करून दिला. तेलाचा डबा मात्र अजूनही महिनाअखेरपर्यंत पुरत नाही, आणि फोडणीची पळी कोणाच्या हातात असावी यावर आमच्याकडे चर्चा चालू आहे.